कडी काढून चेन नवी होत नाही

मोटरसायकल चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो आहे. मजकूर साधारण असा: चेन ढिली पडली की कडी काढून टाका, फारच झालं तर नुसती चेन बदला, दात तुटत नाहीत तोवर स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) चालतं, चेन घट्ट ताणून ठेवली की आवाज जातो, पेट्रोलने धुऊन जळकं ऑइल सोडलं की झाली देखभाल. आणि शेवटी, ‘पूर्ण सेट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट) बदला’ ही मेकॅनिकची पैसे काढायची युक्ती आहे. हा सल्ला मनापासून पाळणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या काळजीपोटी हे लिहितो आहे.

आधी कडीचं. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्यांचं पोलाद ताणलं जात नाही. आत पिन असते, पिनभोवती बुश म्हणजे छोटी नळी, बुशभोवती फिरणारा रोलर. चेन स्प्रॉकेटवर वळताना पिन बुशमध्ये घासते, दोन्ही थोडीथोडी झिजतात आणि पिन ते पिन अंतर वाढतं. ४२८ नंबरच्या (हा चेनच्या आकाराचा नंबर) नव्या चेनमध्ये हे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. २० कड्यांचे २५४ मिलिमीटर. तेच माप साधारण २५६.५ भरलं तर चेन एक टक्का लांबली. कडीमागे सरासरी वाढ किती, तर ०.१३ मिलिमीटरही नाही.

आता यातल्या दोन कड्या काढा. (आतली आणि बाहेरची कडी एकाआड एक असते, म्हणून जोडीच काढावी लागते.) चेन इंचभर आखूड झाली, अ‍ॅडजस्टरला (मागचं चाक मागे सरकवून चेन ताणणाऱ्या स्क्रूला) मागे सरकायला पुन्हा जागा मिळाली, आणि वाटलं की काम झालं. पण उरलेल्या शंभरावर कड्या जेवढ्या लांबल्या होत्या तेवढ्याच आहेत. स्प्रॉकेटच्या दातांमधलं अंतर त्यांच्याशी जुळत नाही ते नाहीच. रोलर खाचेत नीट बसण्याऐवजी दाताच्या चढावर वर सरकतो, भार मोजक्या दातांवर येतो आणि ते दात झपाट्याने झिजतात. म्हणजे कडी काढून आपण सेट वाचवत नाही, उरलेलं स्प्रॉकेटही घालवतो. शिवाय इतकी झिजलेली चेन धावत्या गाडीत उतरली किंवा तुटली, तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडू शकते, मागचं चाक जागीच अडकवू शकते. ही भीती घालायची गोष्ट नाही, हे खरंच घडतं.

दुसरा मुद्दा, नुसती चेन बदलण्याचा. ही चूक मी स्वतः केली आहे. चेन नवीकोरी घातली, दोन्ही स्प्रॉकेटं जुनीच ठेवली, कारण दात ‘दिसायला बरे’ होते. थोड्याच दिवसांत कमी वेगात गाडी हिसके द्यायला लागली, ढिलाई पुन्हापुन्हा काढावी लागली. शेवटी पुढचं कव्हर उघडून जुनं स्प्रॉकेट नव्यावर ठेवून पाहिलं. नव्याचे दात दोन्ही बाजूंनी सारखे, माथा थोडा बोथट. जुन्याचे दात एका अंगाने खाल्लेले, लाटेसारखे वाकलेले, खाचा रुंद झालेल्या. तुटलेला दात एकही नव्हता! पण त्या वाकलेल्या दातांत नव्या चेनचा रोलर सुटताना अडकतो आणि झटका देऊन सुटतो. नवी चेन जुन्या दातांवर अशी अकाली झिजते, आणि मग दोन्ही बदलावं लागतं.

पुढचं स्प्रॉकेट आधी संपतं, यातही नवल नाही. पुढे १४ दात आणि मागे ४२ असतील, तर मागच्या चाकाच्या एका फेऱ्यात पुढचा प्रत्येक दात तीनदा कामाला लागतो. ते स्प्रॉकेट कव्हरखाली असल्यामुळे कुणी पाहत मात्र नाही. स्प्रॉकेट उलटं बसवा, असंही कुणी सुचवतं. काही स्प्रॉकेटं तशी बसतातही, पण दात आधीच बारीक झालेला असतो, तो जाड होत नाही.

घट्ट चेनचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटपासूनचं त्याचं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त असतं. उभ्या गाडीत चेन ताठ करून ठेवली, तर त्या क्षणी तिला जायला जागाच नाही. सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ढिलाई किती हवी हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढीच ठेवा.

पेट्रोल आणि जळकं ऑइल: ओ-रिंगवाल्या चेनमध्ये पिन-बुशमधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. पेट्रोलने ते रबर खराब होतं, तारेच्या ब्रशने फाटतं, आणि रिंग गेली की ग्रीसही जातं. त्यापेक्षा रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, मग पुसून चेन ल्यूब लावा. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाची काजळी आणि धातूचा कीस असतो, ते नकोच.

मेसेजमधली एक शंका मात्र रास्त आहे: सेट गरजेआधी बदलला जाऊ शकतो. म्हणून स्वतः तपासा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. मग चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलाई पाहा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल, तर झीज असमान आहे, ती अ‍ॅडजस्टरने जात नाही. चेनची प्रत्येक कडी न अडकता सहज वाकत असेल, दात दोन्ही अंगांनी सारखे असतील आणि माप मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, तर ‘अजून बदलू नका’ असं मेकॅनिकला बिनदिक्कत सांगा. बदलायची वेळ आलीच, तर दोन्ही स्प्रॉकेटं आणि चेन एकत्र बदला, आणि जोडकडीला (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीला) क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे, हे गाडी ताब्यात घेण्याआधी वाकून बघा.