साइन 30 म्हणजे उणे 0.988? एक्सेलवरचा खोटा आरोप

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मामा, एक्सेल साइन चुकीचं काढतं, हे खरं आहे का?" अकरावीच्या प्रोजेक्टसाठी तिला 0 ते 360 अंशांचा साइनचा आलेख काढायचा होता. वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, तिने तो वाचून तसंच केलं आणि दोन तास घालवले. तोच मेसेज गेल्या महिनाभरात मला आणखी तिघांकडून आला आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं असं: एक्सेलला त्रिकोणमिती नीट येत नाही. साइन 30 विचारलं तर 0.5 ऐवजी उणे 0.988 येतं. उपाय म्हणून उत्तराला 180 भागिले पायने गुणा. आलेख वाकडातिकडा आला तर 'स्मूद लाइन' निवडा. एवढं करूनही साइन 180 शून्य येत नाही आणि टॅन 90 ला एरर यायच्या ऐवजी अवाढव्य आकडा येतो, म्हणजे दोष प्रोग्रॅममध्येच आहे.

(फॉर्म्युल्यातली नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

"साइन 30 चुकीचं येतं"

येत नाही. एक्सेलचं साइन कोन रेडियनमध्ये घेतं, अंशांत नाही. (रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक: त्रिज्येएवढ्या लांबीच्या वर्तुळकंसाने केंद्रापाशी होणारा कोन म्हणजे 1 रेडियन.) मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर साइन फंक्शनखाली हे स्पष्ट लिहिलं आहे: कोन अंशांत असेल तर त्याला पाय भागिले 180 ने गुणा किंवा रेडियन्स फंक्शन वापरा. उदाहरणसुद्धा नेमकं 30 अंशांचंच दिलं आहे आणि उत्तर 0.5. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान उघडलं असतं तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

उणे 0.988 हे उत्तरही बरोबरच आहे, फक्त ते 30 रेडियनचं आहे. एक फेरी म्हणजे सुमारे 6.283 रेडियन. 30 रेडियन म्हणजे जवळजवळ पावणेपाच फेऱ्या. चार पूर्ण फेऱ्या मारून कोन 279 अंशांच्या आसपास थांबतो, आणि तिथला साइन उणे 0.988 हाच आहे. लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स, पायथन, सी, कुठेही विचारा, हेच उत्तर मिळेल.

रेडियन हा कुणा कंपनीचा हट्टही नाही. हे नाव छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसतं ते 1873 मध्ये, अभियांत्रिकीचे प्राध्यापक जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या एका प्रश्नपत्रिकेत. कल्पना तर कितीतरी जुनी. आर्यभटाने परीघ 21,600 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून त्रिज्या 3,438 कला घेतली, म्हणजे वर्तुळकंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजली. त्याच्या सारणीत 225 कलांच्या कंसाची 'ज्या' (म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) 225 येते ती त्यामुळेच, आणि 30 अंशांची 'ज्या' येते 1,719, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. रेडियनमागचा विचार हाच आहे.

"उत्तराला 180 भागिले पायने गुणा"

मला खरा राग या मुद्द्याचा आहे. भाचीच्या शीटमध्ये ए कॉलममध्ये 0, 30, 60 असं 360 पर्यंत होतं आणि बी कॉलममध्ये

=साइन(ए2)*180/पाय()

पहिल्या ओळीत शून्य आलं, ते बरोबर दिसलं, म्हणून तिचा विश्वास बसला. पुढे 30 ला उणे 56.6, 90 ला 51.2, 180 ला उणे 45.9 आणि 360 ला 54.9. साइन कधीही 1 च्या वर किंवा उणे 1 च्या खाली जात नाही, हे तिला दहावीपासून पाठ आहे. पण मेसेजमध्ये 'दुरुस्ती' असं लिहिलं होतं, म्हणून तिने स्वतःच्या शिकलेल्या गोष्टीवर शंका घेतली. असल्या मेसेजचं नुकसान हे असं होतं.

साइन हे दोन लांबींचं गुणोत्तर आहे. त्याला ना अंश, ना रेडियन. मापाचं रूपांतर कोनाचं करायचं असतं आणि ते साइनच्या कंसाच्या आत, साइन काढायच्या आधी:

=साइन(रेडियन्स(ए2))

एवढंच. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. 180 भागिले पायने उत्तराला गुणणं सर्वत्र चूक नाही. एसाइन, एकॉस, एटॅन या उलट्या फंक्शन्सचं उत्तर कोन असतो आणि तो रेडियनमध्ये येतो. तिथे =डिग्रीज(एसाइन(0.5)) लिहिलं की 30 मिळतात. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथला नियम उचलून इथे चिकटवला आहे.

"वाकडा आलेख स्मूद करा"

हा सल्ला वरच्यापेक्षाही घातक, कारण तो चूक झाकतो. कोन रेडियनमध्ये न बदलता 30-30 च्या टप्प्याने गेलं की प्रत्येक बिंदू मागच्यापेक्षा पावणेपाच फेऱ्या पुढे पडतो. पूर्ण फेऱ्या वजा केल्या तर तो प्रत्यक्षात सुमारे 81 अंश मागे सरकतो. आता त्या बिंदूंवरून स्मूद लाइन फिरवा: समोर छान लाटच उमटते! 0 ते 360 मध्ये एक लाट हवी, तिथे जवळजवळ पावणेतीन लाटा, आणि सुरुवात वर जाण्याऐवजी खाली. भाचीच्या स्क्रीनवर हेच होतं. घाईत पाहणाऱ्याला तो साइनचा आलेखच वाटेल. तुटक रेषा दिसत राहिली असती तर निदान संशय तरी आला असता.

आलेख तुटक दिसत असेल तर आधी आकडे तपासा: 30 ला 0.5, 90 ला 1, 180 ला शून्य, 270 ला उणे 1. ते जुळले की टप्पा 5 अंशांचा करा. 73 ओळी होतील, फॉर्म्युला खाली ओढायला दोन सेकंद लागतात. चार्ट 'स्कॅटर' घ्या, कारण 'लाइन' चार्ट आडव्या अक्षावरच्या संख्यांना नुसती लेबलं समजून सारख्या अंतरावर मांडतो.

"साइन 180 शून्य येत नाही"

कोन नीट बदलल्यावरही 1.22ई-16 असं काहीतरी येतं, हे खरं आहे. दशांशचिन्हानंतर 15 शून्यं आणि मग 122. पाय अनंत अंकांचा, संगणक त्यातले 15-16 अंक साठवतो. साठवलेला पाय खऱ्या पायपेक्षा जेवढा कमी पडतो, तेवढंच हे उत्तर आहे. आलेखावर ते दिसणारही नाही. सेलमध्ये खुपत असेल तर राउंड लावून 10 दशांश ठेवा.

"टॅन 90 ला एरर येत नाही"

हेही खरं, कारण तेच. सुमारे 1.63ई+16 (163 वर 14 शून्यं) येतं, आणि आलेख काढताना त्रास होतो: एका बिंदूपायी उभा अक्ष आभाळाला भिडतो आणि बाकी सगळी रेषा तळाला चिकटते. 90 आणि 270 च्या ओळींतले टॅनचे सेल पूर्ण रिकामे ठेवा, उभ्या अक्षाची मर्यादा उणे 10 ते 10 करा.

भाचीने फोनवरच बी2 मधला फॉर्म्युला बदलला, खाली ओढला, आणि 90 समोर 1 आला तेव्हा म्हणाली, "मग मेसेजमध्ये असं का लिहिलंय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांनी तो पुढे पाठवला आहे, त्यांनी त्याच ग्रुपवर त्याच्या खाली =साइन(रेडियन्स(ए2)) एवढी एक ओळ तरी टाकावी.