पुलाचं डिजिटल ट्विन करायचंय? मग आधी नदीचं पात्र मोजा

२०१६ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, २०२५च्या जुलैत गुजरातेत महीसागरवरचा गंभीरा पूल. असं काही झालं की 'सेन्सर बसवा, डिजिटल ट्विन करा' ही मागणी येतेच. मागणी रास्त आहे. पण मोठ्या शहरातल्या उड्डाणपुलाचं पॅकेज जसंच्या तसं उचलून खानदेशात लावलं, तर पैसे पाण्यात. आपल्याकडचा मोठा धोका पात्रात आहे.

ट्विन म्हणजे स्क्रीनवर फिरवून बघायचं थ्रीडी चित्र नाही. ते पुलाचं गणित आहे: एवढ्या तापमानाला, एवढ्या वजनाला, एवढ्या पाण्याला पूल असा वागला पाहिजे. सेन्सरचे आकडे त्याच्याशी जुळेनासे झाले की शोध घ्यायचा.

तापी, गिरणा, पांझरेचा पूर खांबावर आदळतो, पाणी खाली वळतं आणि भोवरा पायथ्याची वाळू उकरतो. पूर ओसरताना गाळ येऊन तोच खड्डा भरतो. नंतर पाहणीला आलेल्या इंजिनिअरला तळ सपाट दिसतो. पण तो गाळ भुसभुशीत, त्याचा पायाला आधार शून्य. त्यात भर वाळूउपशाची. पुलापासून ठरलेलं अंतर सोडून डंपर भरले जातात का, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर पुलाखालचा, तसाच प्रवाहाच्या वर-खाली शंभर मीटरवरचा क्रॉस सेक्शन (पात्राचा आडवा छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत तळाची खोली) घ्या. कोरड्या गिरणेत टोटल स्टेशन, म्हणजे अंतर-उंची मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र, पुरतं. सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजच्या फुगवट्यात होडीवरून इको साउंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, लागेल. जुन्या पुलाची ड्रॉइंग सापडत नसतील तर पायाशेजारी बोअर मारून पॅरलल सिस्मिक चाचणी करा: पुलाला ठोका द्यायचा आणि त्याची लहर बोअरमध्ये मोजून पायाची खोली काढायची. पाया किती खोल आहे हेच माहीत नसेल, तर ट्विन नुसतं शोभेचं.

मग सेन्सर. पात्रातल्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर कल मोजणारा टिल्टमीटर हवाच. १० मीटरचा खांब बुडातून ०.१ अंश कलला तर माथा साडेसतरा मिलीमीटर सरकतो; रस्त्यावरून कळणार नाही, टिल्टमीटरला लगेच कळतं. गर्डरला (पुलाच्या आडव्या तुळईला) पाण्याची पातळी मोजणारा रडार लेव्हल सेन्सर लावा, तो पाण्याला टेकतच नाही. पात्रात बसवलेला, आवाजाने तळ मोजणारा सोनार मात्र गढूळ पाण्यात आणि वाहून आलेल्या बाभळींत पहिल्याच पुरात जाऊ शकतो.

बेअरिंगपाशी (खांब आणि गर्डर यांमधल्या, गर्डरला सरकू देणाऱ्या टेकूपाशी) सरक मोजणारा सेन्सर आणि काँक्रीटमध्ये तापमान मोजणारा थर्मिस्टर, ही स्वस्तातली जोडी मला सगळ्यात आवडते. ३० मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) १२ अंशांनी तापला की साधारण ४.३ मिलीमीटर वाढतो. तापमान आणि सरक यांचा आलेख तिरका चढला पाहिजे. तो आडवा झाला की समजा, बेअरिंग माती-डांबराने जाम झालंय आणि तो जोर खांबाच्या डोक्यावर जातोय. उपाय? कधी कधी नुसती साफसफाई.

कंपनावरून तडा ओळखतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला एकच विचारा: तापमानाचा परिणाम वजा केला का? भुसावळच्या डिसेंबर आणि मे महिन्यांतल्या फरकानेच पुलाची नैसर्गिक वारंवारिता (तो सेकंदाला किती वेळा कंप पावतो) काही टक्के हलते, छोट्या तड्याने त्याहून कमी. निदान वर्षभराची नोंद नसेल तर इशारे खोटेच येणार, आणि चार खोटे आले की पाचवा कुणी उघडतही नाही.

सेन्सरची बॅटरी आणि लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) ठेवायची बंद लोखंडी पेटी ४५ अंशांत म्हणजे भट्टी. लेड-ॲसिड बॅटरी तिथे लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, पेटी पांढरी रंगवा, वर सावलीचा पत्रा ठोका. सोलर पॅनल हाताला लागेल असं लावलं तर राहणार नाही.

तापीवर हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांमधून किती क्युसेक पाणी सुटलं, हा आकडा मॉडेलला आपोआप मिळाला तर खालच्या पुलांना तयारीला वेळ मिळतो. पण पुराच्या रात्री नेटवर्क जातं, हे धरूनच चाला. पाणी धोक्याच्या पातळीवर आणि त्याच वेळी खांबाचा कल वाढता, अशी दोन सेन्सरची साक्ष पटली की लॉगरनेच जागेवर लाल दिवा लावून बॅरियर पाडलं पाहिजे. मुंबई-पुण्याच्या सर्व्हरची वाट बघायची नाही. बॅरियर पडल्यावर वाहनं वळवणार कोण आणि पूल पुन्हा उघडायची सही कुणाची, हे मे महिन्यातच जिल्हाधिकारी कार्यालय, बांधकाम खातं आणि पोलीस ठाण्यात लेखी ठरलेलं हवं.