"प्रवाळ तर वाढलंय, मग बोंब कशाला?" या फॉरवर्डला उत्तर

कॉलेज रोडच्या आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या भल्यामोठ्या रांगेवर, २०२२ ला ३६ वर्षांतलं सगळ्यात जास्त प्रवाळ सापडलं, म्हणजे प्रवाळ मरतंय ही थाप, देशोदेशीचे लोक मोजणीच्या नावाखाली फंड खातात, आणि नाशिकला समुद्र तरी कुठंय. काका, राग नका मानू, पण एकेक बघू.

आकडा खरा आहे. पण अर्धाच. विक्रम झाला तो उत्तर आणि मधल्या भागात, दक्षिणेत त्याच वर्षी प्रवाळ घटलं होतं, ते फॉरवर्डमधून गळालं. आणि वाढलं ते मुख्यतः ॲक्रोपोरा, भरभर वाढणारं, पण उष्णतेत आणि वादळात सगळ्यात आधी जाणारं. निफाडला मामाच्या द्राक्षबागेला गारपीट झाली की थोड्याच दिवसात नवी फूट येते, रस्त्यावरून बाग हिरवीगार दिसते पण घड गेलेले असतात, म्हणून मामा पंचनामा नको म्हणतो का? २०२४ ला पाणी तापलं, वर वादळं, आणि २०२५ च्या मोजणीत उत्तरेतलं जवळपास पाव प्रवाळ गेलेलं, दक्षिणेत ३० टक्क्यांच्या वर. हे कोणी फॉरवर्ड केलं नाही.

फंड खातात म्हणे. अहो, तो ३६ वर्षांचा आकडा आला कुठून? छोट्या होडीमागे दोरीला फळी, फळीला धरून माणूस पाण्यात ओढला जातो, दर दोन मिनिटांनी होडी थांबते आणि खाली किती जिवंत किती मेलेलं दिसलं ते तो लिहून घेतो, असं वर्षानुवर्षं. मोजणाऱ्याला चोर म्हणायचं आणि आकडा त्याचाच मिरवायचा, कमाल आहे!

बरं, एका रीफवरून जगाचं कळत नाही, म्हणून तर १९९५ पासून जागतिक प्रवाळ निरीक्षण नेटवर्क आहे. त्यांनी ७३ देशांतल्या १२,००० च्या वर जागांची मोजणी एकत्र केली तेव्हा कळलं की २००९ ते २०१८ मध्ये जगातलं १४ टक्के प्रवाळ गेलं. अमेरिकेची नोआ ही हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान बघते, सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा १ डिग्री जास्त, ४ आठवडे टिकली की प्रवाळ पांढरं पडायचा धोका, आणि ही माहिती सगळ्या देशांना फुकट. आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र असे इशारे देतं. मामाला मोबाईलवर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा अलर्ट येतो ना, तसंच.

राहिला नाशिकचा समुद्र. तारकर्लीचे स्नॉर्केलिंगचे फोटो तुम्हीच टाकले होते ना ग्रुपवर, मास्क लावून अंगठा दाखवत? मालवणच्या त्या पाण्यात प्रवाळ आहे. तुमचा पाय कशावर आहे ते जरा झूम करून बघा.