‘इन्शुरन्स पॅकेजमध्येच आहे’ एवढ्यावर थांबू नका

शाळेच्या परदेश सहलीचं माहितीपत्रक घरी येतं. विमान, हॉटेल, शाकाहारी जेवण, साइटसीइंग, आणि अगदी खाली एक ओळ: ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स समाविष्ट’. पालकसभेत सगळे प्रश्न जेवणाचे, एका खोलीत किती मुलं आणि मोबाइल द्यायचा का याचे. इन्शुरन्सचं कुणी विचारलंच तर ‘ते पॅकेजमध्येच आहे’ म्हणून विषय मिटतो. सातारा, कराड, पाचगणी, सांगली, मिरज, आपल्याकडच्या शाळांतली मुलं आता दुबई-सिंगापूरला जातात, युरोपला जातात, फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटर बघायला जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं एकच आहे. हा विमा अडचणीत कामाला येणार की नाही, ते प्रीमियमवर कमी ठरतं. फॉर्ममध्ये मुलाच्या तब्येतीबद्दल काय लिहिलं आणि दवाखान्यात गेल्यावर पहिला फोन कुणाला केला, यावर जास्त ठरतं. आणि तो फॉर्म बहुतेक पालकांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो.

होतं असं. टूरवाले सगळ्या मुलांची मिळून ग्रुप पॉलिसी काढतात. शाळेच्या ऑफिसातून नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर यांची एक्सेल शीट जाते. त्यात ‘आधीचा आजार’ असा रकाना असला तर वरपासून खालपर्यंत ‘नाही’ ओढून मोकळे. कुणाचा वाईट हेतू नसतो, काम उरकायचं असतं. पण त्या यादीत एखाद्याला दमा असतो, एखादीला फिट्सची गोळी चालू असते, कुणाला टाइप १ डायबेटिस असतो, कुणाच्या हृदयाचं छिद्र लहानपणी बंद केलेलं असतं. कंपनीच्या लेखी ही सगळी मुलं ठणठणीत.

पालकही सांगत नाहीत. आजार कळला तर शाळा मुलाला नेणार नाही ही भीती मोठी, शिवाय ‘आता दोन वर्षं काही त्रास नाही’ हा दिलासा. इथे झाकली मूठ चालत नाही. क्लेम मोठा असला की कंपनी जुने कागद मागते, आपल्या बालरोगतज्ज्ञांची फाइल मागते, आणि आजार लपवला म्हणून क्लेम नाकारायला तेवढं पुरतं. उलट आधीच सांगितलं तर काय होईल? कंपनी तशीच पॉलिसी देईल, नाहीतर प्रीमियम वाढवेल, नाहीतर तो आजार वगळेल किंवा नकार देईल. बऱ्याच पॉलिसींत आधीचा आजार वगळलेलाच असतो. काहींत फक्त जिवावर बेतलं तर आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळतो. यातलं काहीही झालं तरी ते घरबसल्या, सहलीच्या आधी कळतं. मग दुसऱ्या कंपनीची, आजार मान्य करणारी वैयक्तिक पॉलिसी बघायला वेळ असतो. ग्रुप पॉलिसी असताना मुलाची वेगळी काढता येते.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट सहलीला जाणाऱ्या सर-मॅडमनी नीट समजून घ्यावी. समजा सिंगापूरच्या दवाखान्यात मुलाला खोकला आणि धाप लागली म्हणून नेलंय. डॉक्टर विचारतात, हा त्रास कधीपासून? घाबरलेले सर सांगतात, ‘याला लहानपणापासूनच असं होतं.’ केसपेपरवर तेच लिहिलं जातं. मुलाला दमा कधी नव्हताच, नुसती सर्दी वारंवार व्हायची, तरी त्या एका ओळीवर क्लेम ‘आधीचा आजार’ म्हणून अडकू शकतो. आणि दमा खरंच असेल, तर तो न सांगणं मुलाच्या जिवाशी खेळ. म्हणून प्रत्येक मुलाचं एक पानी इंग्रजी हेल्थ कार्ड सरांच्या फाइलमध्ये हवं: कोणता आजार, कधीपासून, कोणतं औषध किती मिलिग्रॅम, कशाची ॲलर्जी, रक्तगट, वजन. वजन विसरू नका, मुलांचे डोस वजनावर ठरतात. काही आजार नसेल तर तसं स्पष्ट लिहा. म्हणजे सर अंदाजाने उत्तर देणार नाहीत.

आता रकमेचं. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत, पूर्ण मुक्कामासाठी चालायला हवं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा. बरेच टूरवाले व्हिसा मिळेल एवढंच कव्हर घेतात. माझ्या मते ते अपुरं आहे. ३०,००० युरो हा व्हिसाचा निकष आहे, उपचारांचा अंदाज नव्हे. किमान ५०,००० डॉलर घ्या, जमलं तर एक लाख. आठ-दहा दिवसांच्या सहलीला मुलाच्या प्रीमियममध्ये फरक पडतो तो सहसा काही शे रुपयांचा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, ब्रिटन नाही. सहलीत लंडन असेल तर पॉलिसीत ब्रिटनही धरलंय का बघा. ‘तिकडे उपचार फुकट असतात’ असंही सर्रास ऐकू येतं. सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सी विभागात बाहेरच्यांनाही तपासतात हे खरं, पण मुलाला ॲडमिट केलं की आपल्यासारख्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के बिल लागतं. अमेरिकेसाठी तर अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ नका. तिथे इमर्जन्सीत दवाखाना पैशासाठी दारातून परत पाठवत नाही, पण बिल मागून येतंच. आणि घरचा मेडिक्लेम धरून चालू नका, आपले नेहमीचे मेडिक्लेम साधारणपणे भारतापुरतेच असतात.

डिडक्टिबल हा शब्द पॉलिसीत शोधा. १०० डॉलर डिडक्टिबल म्हणजे बिलातले पहिले १०० डॉलर तुमचे. ३०० डॉलरचं बिल झालं तर कंपनी २०० देणार, ८० डॉलरचं झालं तर काहीच नाही. मुलांना परदेशात जे होतं ते बहुतेक ओपीडीतलंच असतं: ताप, उलट्या, मुरगळलेला पाय. तिथे पैसे आधी भरावे लागतात आणि परत आल्यावर रुपयांत मिळतात. म्हणून सोबतच्या सरांच्या फॉरेक्स कार्डवर (परदेशी चलन भरलेल्या कार्डवर) यासाठी वेगळी रक्कम असली पाहिजे, आणि ती कोण भरणार हे शाळेने निघण्याआधी ठरवलं पाहिजे.

ॲडमिट करायची वेळ आली तर नियम बदलतो. पॉलिसीवर असिस्टन्स कंपनीचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने परदेशात मदत करणाऱ्यांचा, नंबर असतो. ॲडमिट करतानाच तिथे फोन करायचा, डिस्चार्जच्या वेळी नाही. ते पॉलिसी नंबर, पासपोर्टची प्रत आणि डॉक्टरांचा रिपोर्ट मागतात, मग दवाखान्याला पैशाची हमी पाठवतात. त्यात काही तास जातात. फोन उशिरा केला तर दवाखाना पैसे तुमच्याकडेच मागतो. भारतातले टोल-फ्री नंबर बाहेरून लागतीलच असं नाही. साधा, +९१ ने सुरू होणारा नंबर, व्हॉट्सॲप नंबर आणि ईमेल आधी घेऊन ठेवा, आणि सोबतच्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. मुलाला विमानाने परत आणायचं झालं तरी निर्णय असिस्टन्स कंपनीचा. आपण घाबरून आपलं आपण तिकीट काढलं तर ते पैसे मिळण्याची शाश्वती नाही.

मूल ठरावीक दिवसांपेक्षा जास्त दवाखान्यात राहिलं तर घरच्या एका माणसाचं जाण्या-येण्याचं तिकीट देणारी सोय बऱ्याच पॉलिसींत असते. लहान मुलांच्या सहलीत मला ही सगळ्यात मोलाची वाटते. पण आई-बाबांपैकी एकाकडेही चालू पासपोर्ट नसेल तर तिचा उपयोग शून्य. आपल्याकडे ‘पोराचा पासपोर्ट काढला, आम्हाला कशाला’ असं म्हणणारी घरं खूप आहेत. कृपा करून एकाचा तरी काढून ठेवा. अडचण आल्यावर धावपळ म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

तारखांकडे वळते. सांगलीतून बस निघते संध्याकाळी, मुंबईहून विमान उडतं मध्यरात्रीनंतर. बस ९ तारखेला, विमान १० तारखेचं, आणि परतीचं विमान उतरतं पुढच्या तारखेला. यादी करणाऱ्याची गल्लत इथेच होते. पॉलिसी एक दिवस आधी सुरू झाली तर बिघडत नाही, एक दिवस आधी संपली तर बिघडतं. विमान चुकलं, रद्द झालं, तर मुक्काम वाढतो. म्हणून परतीनंतर दोन दिवस जास्तीचे धरा. आणि सांगली ते मुंबई विमानतळ हा प्रवास बहुतेक पॉलिसींच्या वैद्यकीय कव्हरमध्ये नसतो. तिथे घरचा मेडिक्लेमच. तो चालू आहे ना, तेही बघा.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. शाळेच्या रजिस्टरला नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव, असा घोळ आपल्याकडे कायमचा. जन्मतारखेचं तसंच.

सहलीचा दिवसवार कार्यक्रम पॉलिसीशेजारी ठेवून वाचा. दुबईच्या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवणं, बर्फावरचं स्कीइंग, झिपलाइन, बनाना राइड, यातलं काय कव्हर आहे आणि काय वगळलंय ते लेखी विचारा. ‘साहसी खेळ’ वगळलेले असतील तर वेगळं ॲड-ऑन घ्यायचं किंवा तो भाग कार्यक्रमातून काढायचा. दातांचं फक्त अचानक दुखणं किंवा अपघात, तेही छोट्या मर्यादेत. ब्रेसेसची तार तुटली तर खर्च आपला.

औषधांचंही थोडं. रोजची औषधं आणि इनहेलर हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. आपल्याकडचं प्रत्येक औषध सगळीकडे चालत नाही. कोडीनवालं खोकल्याचं औषध दुबईला पूर्वपरवानगीशिवाय न्यायचं नाही. १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध जपानमध्ये बंद आहे. केनियाची सहल असेल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, नाहीतर भारतात परतताना मुलाला विलगीकरणात ठेवू शकतात.

हे सगळं व्हायला निदान महिनाभर लागतो. शाळेकडे आज एवढं मागा: मुलाच्या नावाचं विमा प्रमाणपत्र, पॉलिसीच्या पूर्ण अटी आणि कस्टमर इन्फर्मेशन शीट, म्हणजे पॉलिसीतल्या मुख्य गोष्टी थोडक्यात सांगणारा कागद. आरोग्य विम्यासोबत ही शीट देणं १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे, आणि विमा कायद्याच्या व्याख्येत प्रवास विमाही आरोग्य विम्यातच येतो. ग्राहकाने मागितली तर ती स्थानिक भाषेत द्यायची असते, म्हणजे मराठीत मागता येते. जरूर मागा. त्यासोबत दोन्ही पालकांच्या सहीचं, उपचारांना संमती देणारं इंग्रजी पत्र नोटरी करून सरांकडे द्या. मूल अल्पवयीन असतं, ऑपरेशनच्या वेळी सही कोणाची, हा प्रश्न तिथे पहिला येतो.

परत आल्यावर क्लेम करायचा असेल तर डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, बोर्डिंग पास आणि पासपोर्टच्या शिक्क्यांची पानं लागतात. नुसती बिलं पुरत नाहीत, पावतीही हवी. कागद जपानी किंवा जर्मन भाषेत असतील तर दवाखान्यातून निघतानाच इंग्रजी प्रत मागून घ्या, सांगलीत बसून ती मिळवणं फार जड जातं. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. सातारा-सांगली त्यांच्याच कक्षेत येतात, फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार ईमेलवर ठेवा, फोनवरचं बोलणं तिथे दाखवता येत नाही.