खुलासा: गाडीचे मागचे कंट्रोल आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे) बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन मशिनवर तपासून जुळवणं) लागतंच
‘मागचे ॲडजस्टेबल कंट्रोल आर्म जुन्यांच्या लांबीला जुळवून बसवले की अलाइनमेंट लागत नाही’ हा फिरणारा मेसेज मुळात माझाच. तो चुकीचा आहे. टेपने मोजताना मिलिमीटरभर फरक राहतोच. चाकाकडच्या वरच्या-खालच्या सांध्यांत 300 मिमी अंतर धरलं तर तेवढ्याने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) साधारण 0.2 अंश हलतो, टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बिघडतो तो वेगळाच. माझ्या टायरची आतली कड रबरातल्या तारा दिसेपर्यंत झिजली, बाहेरून मात्र नवाकोरा! मशिनवर टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर वळलेली) निघाला.

आणि हो, रबरी बुशचे (आर्मच्या टोकांतल्या रबराच्या गाद्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहून फाटतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही तिथे टाका.