आंब्याची शिसवी

बाबांची ढोलकी शिसवी आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. भजनी मंडळातल्या कुणी ती उचलायला घेतली की बाबा आधी बजावायचे, "सांभाळून हां, शिसवी आहे." पुढे मंडळानेच तिला लाल ऑइलपेंट फासला, बाबा सांगलीला राहायला गेले आणि ढोलकी माझ्या डोंबिवलीच्या माळ्यावर येऊन पडली. यंदा गणपतीला आई-बाबा येणार म्हटल्यावर मला हुक्की आली, की ती नीटनेटकी करून त्यांच्या पुढ्यात ठेवायची.

तबलेवाल्या काकांनी फाटक्या पुड्या उतरवल्या आणि नुसतं खोड माझ्या हातात दिलं. "ताई, रंगाचं काय ते आत्ताच उरका. एकदा दोरी ओढली की मग मी हात लावू देणार नाही."

बाल्कनीत बसून रंग काढायचं रसायन लावलं. थोड्याच वेळात लाल रंगावर दुधासारखी साय धरली. बोथट सुरीने ती खरवडली, तर लालखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा लाल (मंडळात तेव्हापासूनच दोन गट असावेत), आणि त्या सगळ्याखाली फिकट, पिवळट लाकूड. शिसव मी ओळखते. आजीचा शिसवी पाट होता, काळपट तपकिरी, जन्मात रंग न लागलेला. हा सरळसरळ आंबा होता.

"सांगून टाक ना बाबांना," नवरा म्हणाला. सासऱ्याच्या बाबतीत सगळेच जावई सत्यवादी असतात.

मी दुकानातून 'रोजवुड' स्टेनचा डबा आणला. रोजवुड म्हणजे आपला शिसवच, एवढा दिलासा पुरेसा होता. त्याआधी घासकाम. पॉलिश पेपर आधी 80 नंबरचा, मग 120, मग 220. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचं असतं, हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. वीस वर्षं पातेली घासलेला हात तो. गोल वस्तू दिसली की गोलच फिरणार. ढोलकीच्या रेषा उभ्या, माझं घासणं आडवं. तरी दोन तासांनी खोड असं गुळगुळीत लागलं, की मी शेजारच्या वहिनींना बोलावून हात फिरवायला लावला.

मग स्टेनचा पहिला बोळा फिरवला, आणि आत्तापर्यंत न दिसलेला एकेक ओरखडा काळी रेघ होऊन वर आला. ढोलकीभर गोल गोल कंकणं! स्टेन म्हणजे ऑइलपेंट नव्हे, पाप झाकायला. तो लाकडात मुरतो, आणि जिथे खरवडलेलं असेल तिथे जास्त मुरतो. दोन्ही तोंडांच्या काठांना तर रेषा आडव्या कापलेल्या. त्यांनी इतका रंग प्यायला, की काठ काळेकुट्ट झाले. मधेच एका जागी जुन्या तेलाचा डाग होता, तिथे थेंबही शिरेना. एकूण रूप गायीच्या पाठीसारखं. सगळं पुन्हा घासलं, यावेळी उभं, दात-ओठ खाऊन. दुसऱ्या दिवशी मंगळागौर होती. माझे तपकिरी हात पाहून यजमीणबाई म्हणाल्या, "मेंदी नाही वाटतं रंगली?"

वरून चपडा लाखेचं पॉलिश. लाख म्हणजे किड्यांचा स्राव, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. श्रावणात कांदा-लसूण वर्ज्य, आणि मी पोथीच्या खोलीशेजारी बसून हे चोपडतेय. स्पिरिटचा वास जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. खालचे जोशीकाका नवऱ्याला लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "अहो, निदान श्रावण तरी..." नवरा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वास परवडला, पाऊस नाही. पॉलिश वाळता वाळता हवेतली ओल त्यात अडकली आणि ढोलकीवर पांढरट धुकं धरलं. शिसवीऐवजी आता बुरशी लागलेली फणसपोळी दिसत होती. आठवडाभर मी ऊन पडायची वाट पाहिली. एकदाचं पडलं, तेव्हा स्पिरिटचा जेमतेम ओलसर फडका हलकेच फिरवला, तसं धुकं विरलं. आतून लालसर काळा रंग वर आला. दोन कंकणं राहिलीच. ती काकांच्या दोरीखाली जातील अशी मी प्रार्थना केली. एक गेलं.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आई-बाबा आले. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ढोलकी उजेडात धरली, फिरवली, थाप मारली, राहिलेल्या कंकणावर अंगठा फिरवला.

"लाल रंग काढलास ते बरं केलंस," बाबा म्हणाले. मग जावयाकडे वळून, "बघितलंत? मंडळातल्यांना सांगून सांगून थकलो, आत शिसवीच आहे म्हणून. ही बघा, अंगचीच रेघ."

नवऱ्याने तोंड उघडलं. आईने माझ्या नखांकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या हातात चहाचा कप ठेवला.