रेंज नाही? दोष तुमचाच आहे

मोबाइलला रेंज नसेल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: टॉवरचा दोष कधीच नसतो. तो उंच आहे, लोखंडी आहे, वर लाल दिवाही आहे. तुम्ही खाली उभे आहात, तेव्हा चूक तुमचीच.

सुरुवात फ्लाइट मोडपासून करा. ज्याची मजल आयुष्यात भुसावळ-सुरत पॅसेंजरपुढं गेली नाही, त्यालाही दिवसातून दहा वेळा विमानात बसवणारी ही योजना आहे. चालू करा, दहापर्यंत मोजा, बंद करा. फोन टॉवरकडे नव्यानं हजेरी लावतो. मास्तरच शाळेत नसतील तर हजेरी कोण घेणार, हे विचारायचं नसतं.

मग सिम काढा. त्यासाठीची पिन खोक्यात होती आणि खोकं कधीच रद्दीत गेलं, म्हणून घरातली सुई घ्या. सिम मऊ कापडानं पुसा, फुंकर मारा, परत बसवा. तरी काही नाही? सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क रीसेट करा. रेंज आली तर आली, पण शेजारच्या पोराशी गोड बोलून मिळवलेला वायफायचा पासवर्ड मात्र नक्की पुसला जाईल.

यानंतर धाब्यावर चढा. (जेवणाचा धाबा नव्हे, आपल्या घरावरचं मातीचं धाबं.) वेळ मे महिन्यातली दुपारची निवडा. पारा ४५ वर गेलेला असतो, रेंजची एक कांडी दिसते न दिसते तोच फोन स्वतःच तापून बंद पडतो. खालून कुणी अहिराणीत विचारलं, "कथा चालना भाऊ?" (कुठं चाललास?) तर सांगा, "टावर धुंडाले!" पुढचं तो विचारणार नाही, त्याचाही फोन हातातच असतो.

सातपुड्यात राहत असाल तर धाबं पुरणार नाही, टेकडी लागेल. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर कुठल्या टेकडीवरच्या कुठल्या दगडाजवळ कांडी येते, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. डोंगर आडवा आला की लहरी अडतात, हे विज्ञान आहे. डोंगर टॉवरच्याही आधीपासून तिथं होता, हा इतिहास आहे, आणि तो टॉवर उभारणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात नसावा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. नंबर सगळ्यांच्या आधी आपल्याला मिळाला. आता त्या नंबराचा ओटीपी घ्यायला टेकडी चढायची, एवढंच. रेशन दुकानदार ई-पॉस मशीन घेऊन त्याच चढावर भेटला तर दगडावर जागा करून द्या. अंगठा तिथंच लावा, धान्य खाली आल्यावर घ्या.

नवापूरकरांचं बरं आहे. त्यांचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मवर चार पावलं सरकायचं आणि फोनला कुणाचा पाहुणा व्हायचंय ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं.

एवढं करूनही फोन 'फक्त आणीबाणीचे कॉल' म्हणत असेल तर आनंद माना. आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर आहे. तुम्ही ११२ लावला तर तो ऐकेल, बायकोला लावला तर नाही. आणीबाणी कशाला म्हणायचं यावर वाद घालू नका.

आता तक्रार. १९८ लावा. ज्या फोनला रेंज नाही त्यावरून तो लागत नाही, आणि शेजाऱ्याच्या फोनवरून लावला तर त्याच्या कंपनीकडे जातो. वैतागून कंपनी बदलायची म्हणाल तर पोर्टचा एसएमएस १९०० ला करा. तोही त्याच नंबरावरून, अर्थात.

मी मात्र चिकाटी सोडली नाही. दगडावर उभा राहून एकदा तक्रार नोंदवलीच, तक्रार क्रमांकही घेतला आणि घरी येऊन वाट पाहत बसलो. आठवड्यानं केळीच्या भावाची चौकशी करायला जळगावला गेलो. एसटी स्टँडवर पाय ठेवताच फोन थरथरला, एकामागून एक मेसेज आले. शेवटचा कंपनीचा होता: 'आपल्याशी वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. आपला मोबाइल कव्हरेज क्षेत्राबाहेर असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.'